केक आणणं ही ड्युटी असते का?

आमच्या घरात डबे हरवतात आणि झाकणं उरतात. ऑफिसचंही तसंच आहे. केस संपते, फाइल कपाटात जाते, माणसं आपापल्या गावी परततात आणि कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं माझ्याकडे राहतात. हेगजवळच्या आमच्या झूटरमेर गावातल्या मैत्रिणी चहाला जमल्या की मी त्यातली एकेक काढून दाखवते. "अगं, तू वकिलाकडे कामाला आहेस की नाटक कंपनीत?" असं प्राजक्ता दर वेळी विचारते.

कोविडच्या दोन वर्षांत ही झाकणं फारच साठली. सांगायला घेते तेव्हा मला वाटतं, किस्सा हसण्याचा आहे. सांगून होतो आणि कुणीच हसलेलं नसतं. तो माझ्या सांगण्याचा दोष असेल. मी बहुतेक बाबतींत तेच धरून चालते.

* * *

मी पुण्याची एलएलबी. नेदरलँड्समध्ये आले ती नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून, डिपेंडंट म्हणून. इथे माझी सनद चालत नाही, डच भाषा जेमतेम. पण इंग्लिश करार वाचून त्यांचा अर्थ लावता येतो. हेगमध्ये सायकलच्या दुकानावर एक छोटं वकिली ऑफिस आहे, तिथे नेमकं तेवढंच येणारं माणूस हवं होतं.

ऑफिसात दोघंच. मार्लीस ही वकील. वय साठीपुढचं, केस पांढरेशुभ्र, बूट लाल. मी मनातल्या मनात तिला 'मार्लीसताई' म्हणते. तोंडाने म्हणायची सोय नाही, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. दुसरा ब्राम. तो सेक्रेटरी, पन्नाशीचा, तोंडाचा तिखट.

मुलाखतीला मी 'माझ्यातले गुण आणि दोष' पाठ करून गेले होते. दोष जास्त झाले होते. मार्लीसने ते विचारलेच नाहीत.

"समजा, एक परदेशी सैनिक आहे," ती म्हणाली. "आपल्याच सरकारने बोलावलेला, आपल्याच देशातल्या तळावर राहणारा. त्याने गावात कुणाचं तरी नाक फोडलं. खटला कुणी चालवायचा? आपण, की त्याच्या देशाने?"

"डिपेंड्स," मी म्हणाले.

"कशावर?"

"तो तेव्हा कामावर होता की नव्हता, त्यावर."

हे मला कुठून सुचलं देव जाणे. नवरा कामावर असला की घरातल्या सगळ्या गुन्ह्यांतून सुटतो, त्यावरूनच बहुधा!

मार्लीसने पेन खाली ठेवलं. "सोमवारी ये."

नियम खरोखरच एवढा आहे. सैनिक कामावर असताना गुन्हा घडला तर पहिला हक्क त्याच्या देशाचा. कामावर नसताना घडला तर आपला. आणि तो कामावर होता असं सर्टिफिकेट देतं कोण? त्याचाच साहेब!

* * *

माझी पहिली केस अ‍ॅस्पॅरॅगसची.

दक्षिणेला लिम्बुर्ग प्रांतात एक परदेशी तळ आहे. त्यांचा एक ट्रक वळण चुकला आणि एका शेतकऱ्याच्या अ‍ॅस्पॅरॅगसच्या वाफ्यांमधून आरपार गेला. नुकसानभरपाईचं गणित गुन्ह्याच्या उलटं आहे. सैनिक कामावर असला तर इथलं सरकार भरपाई देतं. नसला तर त्या पोराच्या मागे आपणच फिरायचं.

हे ऐकल्याबरोबर शेतकरी खुर्चीत ताठ झाला.

"कामावर? अहो, इतकं मन लावून काम करताना मी आयुष्यात कुणाला पाहिलं नाही!"

ब्रामने पोलिसांचा रिपोर्ट चाळला. "पण इथे लिहिलंय, ड्रायव्हर झोपला होता."

शेतकऱ्याने क्षणभर विचार केला.

"मग झोपायची ऑर्डर असेल!"

* * *

मग आलं लॉकडाउन. नवऱ्याचं, म्हणजे अभिजितचं, हूफडॉर्पचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं, माझं ऑफिस इस्त्रीच्या टेबलावर आणि ईराचं डेकेअर उरलेल्या सगळ्या घरात. ईरा, आमची मुलगी, दोन वर्षांची. ती शिंकली की मी आधी तिच्याकडे बघायची, मग थर्मामीटरकडे, मग गुगलकडे. गुगलकडे आधी बघत नाही, एवढाच माझा संयम.

एका सकाळी ईराने परमनंट मार्करने हॉलची भिंत रंगवली. घर भाड्याचं!

"अभि, ती तुझ्या शेजारी बसली होती ना?"

"अगं, मी कॉलवर होतो."

"म्हणजे ऑन ड्युटी?"

"हो, मग?"

"सर्टिफिकेट?"

"मॅनेजर देईल. आणि तू काय करत होतीस?"

"मी पण कॉलवरच होते!"

"कॉलवर होते काय? अजून आहेस!" तो माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाला.

मी म्यूटचं बटण शोधायला धावले. आम्ही भांडलो अर्थातच मराठीत, पण 'ऑन ड्युटी', 'सर्टिफिकेट' आणि 'मॅनेजर' हे शब्द जगात सगळीकडे कळतात, आणि रंगलेली भिंत कॅमेऱ्यात दिसत होती. लॅपटॉपमधून मार्लीसचा शांत आवाज आला.

"भिंत कोणाच्या हद्दीत येते, ते आधी ठरवा. मुलीचं नंतर बघू."

पुढचे दोन दिवस मी धरून चालले होते की माझी नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी मार्लीसने भिंतीवरचे डाग काढायचं औषध पोस्टाने पाठवलं. त्याने रंग निघाला. भिंतीचाही निघाला.

* * *

त्या वर्षीच्या शरदात आम्हाला मेव्राव, म्हणजे श्रीमती, शूर्मान्स भेटल्या. म्हणजे स्क्रीनवर. लॅपटॉप कसा ठेवायचा ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा तास आम्ही त्यांच्या कपाळाशी बोललो.

बाई सत्तरीच्या. लिम्बुर्गमधल्या खेड्यातल्या. नवरा हेंक, निवृत्त पोस्टमन. संध्याकाळी भाजीच्या मळ्यातून सायकलने घरी येत होता. अरुंद रस्ता, दोन्हीकडे शेतं. तळावरचा एक तरुण सैनिक गाडी घेऊन वेगात आला आणि वळणावर त्याने हेंकला उडवलं. हेंक अँब्युलन्स येईपर्यंत होता, हॉस्पिटलला पोचेपर्यंत नव्हता.

बाईंनी हे सगळं कोरड्या आवाजात सांगितलं. मग अंत्ययात्रेचं सांगितलं. हेंक गावच्या बँडमध्ये ट्युबा वाजवायचा. लिम्बुर्गमध्ये गावागावाला बँड असतो आणि वादक गेला की बँड त्याला वाजवत पोचवतो. पण कोविडचे नियम होते, फुंकून वाजवायची वाद्यं बंद. मग सगळा बँड युनिफॉर्म घालून रस्त्याच्या कडेने अंतर ठेवून उभा राहिला. हातात वाद्यं, ओठ मिटलेले.

"फक्त ढोलवाल्याला परवानगी होती," बाई म्हणाल्या. "ढोल फुंकत नाहीत ना! तो एकटाच वाजवत होता बिचारा. तेही बेताल. हेंक असता तर ओरडला असता त्याच्यावर."

आम्ही तिघंही गप्प बसलो. मी म्यूटवर होते, तरीसुद्धा.

"तुम्हाला नेमकं काय हवंय, मेव्राव?" मार्लीसने विचारलं.

"मला बोलायचंय," कपाळ म्हणालं.

इथल्या कायद्यात मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांना कोर्टात उभं राहून बोलायचा हक्क आहे. आरोपी समोर बसलेला असतो आणि त्याला ऐकावं लागतं. शिक्षा काय व्हावी, किती व्हावी, याच्याशी बाईंना घेणं नव्हतं. पैसे नको म्हणाल्या. "मी उभी राहून बोलणार, त्याने माझ्याकडे बघून ऐकायचं. बास."

अडचण एकच. हे घडणार डच कोर्टात खटला चालला तरच. आणि त्या पोराच्या साहेबाने सर्टिफिकेट धाडलं होतं: अपघात झाला तेव्हा सैनिक कामावर होता. आपल्या सरकारी वकिलाने ते मान्य करून केस सोडूनही दिली होती. अशा केसेस इथे सहसा सोडून देतात. मित्रदेश, काय करणार!

"मग?" बाईंनी विचारलं.

"वरच्या कोर्टात तक्रार करू," मार्लीस म्हणाली. "तो कामावर नव्हता, एवढंच दाखवायचंय आपल्याला."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही काय बोलणार ते तयार करा."

* * *

बाई कामाला लागल्या. दर बुधवारी दुपारी, ईराच्या जेवणाच्या नेमक्या वेळेला, मला त्यांचा फोन यायचा. मार्लीस बिझी असते म्हणून मला. किंवा माझं डच कच्चं आहे म्हणून मला. मला समजलं की न्यायाधीशांना नक्की समजेल असा त्यांचा हिशेब असावा. मी एका हाताने वरणभात भरवायची आणि फोन स्पीकरवर ठेवायची.

"माननीय न्यायाधीश," त्या ठणकावून सुरुवात करायच्या. "मी हेंक शूर्मान्सची बायको..."

दर आठवड्याला मजकूर बदलायचा. एका बुधवारी त्यात चीड असायची, पुढच्या बुधवारी हेंकच्या मळ्यातले कांदे. कधी मधेच थांबून म्हणायच्या, "हे जास्त होतंय का गं, मुली?" मी म्हणायची, नाही. मला खरंच कळत नव्हतं. दुःख किती झालं की जास्त होतं, हे सांगण्याइतकं डच मला येत नाही. मराठी तरी कुठे येतं?

दोन महिन्यांनी डेकेअर पुन्हा सुरू झाल्यावर तिथल्या बाईंनी मला दारात थांबवलं. मास्क लावलेला, कपाळावर आठ्या. ताप? खोकला? पॉझिटिव्ह?

"ईराला दूध हवं असलं की ती हात वर करते आणि मला 'माननीय न्यायाधीश' म्हणते."

"सॉरी," मी म्हणाले.

"नको हो, सॉरी कशाला? मला घरी कुणी असं म्हणत नाही!"

* * *

आता केकचं.

पोलिसांच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: गाडीच्या मागच्या सीटवर वाढदिवसाचा केक. मार्लीस ती ओळ वाचून उठूनच उभी राहिली.

"सुटलो! केक होता म्हणजे वाढदिवस होता. वाढदिवस म्हणजे खासगी. तो कामावर नव्हताच!"

"पण वाढदिवस कुणाचा?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं.

"त्याचाच की! केक त्याच्याकडे होता ना?" ब्राम म्हणाला.

डच ऑफिसात हा नियम संविधानापेक्षा पक्का आहे. ज्याचा वाढदिवस, त्याने स्वतः केक आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा. विसरला तर वर्षभर बोलणी खायची. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी केक आणावा, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात येत नाही.

"आमच्याकडे ऑफिसात बाकीचे लोक मिळून केक आणतात," मी बिचकत म्हणाले. "ज्याचा वाढदिवस असतो, त्याला माहीतसुद्धा नसतं. निदान तो तसं दाखवतो."

मार्लीसला हे पटेना. "म्हणजे केक एकाने आणायचा आणि वाढदिवस दुसऱ्याचा?"

"हो."

"मग ज्याचा वाढदिवस आहे, तो काय करतो?"

"तो लाजतो."

ब्राम इतका हसला की मास्क काढून डोळे पुसावे लागले त्याला. मार्लीसही हसली. मीही हसले, कारण दोघं इतकी खात्रीने हसत असताना आपलंच चुकलं असणार, असं मला वाटतं. तक्रारअर्जात मार्लीसने केकवर अख्खं पान लिहिलं. सुंदर लिहिलं होतं.

* * *

वरच्या कोर्टातली सुनावणी बंद दाराआड होती. तीन न्यायाधीश, मधेमधे प्लास्टिकच्या भिंती. मार्लीस काळ्या वकिली झग्यात, खाली लाल बूट. शूर्मान्स बाईंना मी तिथे पहिल्यांदा अख्खं पाहिलं. उंच होत्या. मला वाटायचं, बुटक्या असतील.

मार्लीसने केक मांडला. वाढदिवस म्हणजे खासगी, खासगी म्हणजे कामावर नाही, कामावर नाही म्हणजे खटला आपला. न्यायाधीशांनी मान डोलावली. त्यांचेही वाढदिवस असतातच ना, आणि केक तेही स्वतःच आणत असणार!

मग सरकारी वकील उठला. तरुण होता. बोलताना बाईंकडे बघत नव्हता. म्हणाला, तळावरून खुलासा आलाय. वाढदिवस त्या सैनिकाचा नव्हता, त्याच्या साहेबाचा होता. सार्जंटने त्याला गाडीची किल्ली दिली आणि ऑर्डर दिली, गावात जाऊन केक घेऊन ये. संध्याकाळी तळावर पार्टी होती. ऑर्डर ती ऑर्डर. म्हणजे ड्युटीच.

"आणि हे सर्टिफिकेट कुणी दिलंय?" मधल्या न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याच साहेबांनी," सरकारी वकील म्हणाला.

ब्राम माझ्या शेजारी पुटपुटला, "वा! ज्याचा वाढदिवस, त्याचंच सर्टिफिकेट."

बाई हळूच माझ्याकडे झुकल्या. "पार्टी? तेव्हा तर घरी दोन पाहुणेसुद्धा बोलवता येत नव्हते."

"कुंपणाच्या आत त्यांचे नियम वेगळे, मेव्राव," मी म्हणाले.

"तिथे फुंकून वाजवायला चालत होतं का?"



काही आठवड्यांनी निकाल आला. तक्रार फेटाळली. मार्लीसने बाईंना फोन केला, स्पीकरवर, आम्ही दोघं शेजारी. तिने सगळं नीट समजावलं: पहिला हक्क त्यांचा आहे, चौकशी तिकडे होईल, त्यांच्या लष्करी कोर्टात. तिकडे नातेवाइकांनी काय करायचं ते त्यांचे नियम ठरवतील.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे केक आणणं हे त्यांच्या देशाचं काम," त्या म्हणाल्या. "आणि हेंकचं मरणं हे माझं घरगुती."

फोन ठेवल्यावर मार्लीस खिडकीपाशी गेली.

"तू सांगितलं होतंस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"मी हळू सांगितलं होतं," मी म्हणाले.

* * *

त्यानंतर बाई कुणालाही न सांगता तळाच्या फाटकावर गेल्या. सायकलवरून! मला त्यांनी बुधवारी सांगितलं.

फाटकावर एक परदेशी पहारेकरी होता, त्याला थोडं डच येत होतं.

"हे कुंपण आहे ना," बाईंनी त्याला विचारलं, "त्याच्या आतली जमीन कोणत्या देशाची?"

"नेदरलँड्सचीच, मेव्राव."

"मग मला आत येऊ दे."

"त्यासाठी परवानगी लागते."

"कुणाची?"

"आमची."

त्याने आत फोन केला. मग आणखी कुणाला तरी केला. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, तुम्ही ज्याच्याबद्दल विचारताय तो इथे नाही. त्याला केव्हाच मायदेशी पाठवलंय. बाई तरीही हलल्या नाहीत. मग त्याने आतून कॉफीचा कप आणला, दीड मीटरचं अंतर पाळायचं म्हणून मधोमध जमिनीवर ठेवला आणि पावलं मोजत मागे गेला. बाईंनी वाकून कप उचलला.

"आणि मग?" मी विचारलं. ईराचा घास हातातच राहिला होता.

"मग काय! प्यायले. पातळ होती."

थोडं थांबून म्हणाल्या, "पोरगा सभ्य होता गं. तोच सगळ्यात वाईट भाग. ओरडायला कुणी सापडतच नाही."

त्या बुधवारी त्यांनी भाषण म्हणून दाखवलं नाही. मला वाटलं, संपलं. ईरा मात्र फोनकडे बघून हात वर करून बसली होती, आता सुरू होईल म्हणून.

* * *

पुढच्या वर्षी त्यांच्या लष्करी कोर्टात सुनावणी लागली. मार्लीसने इतकी पत्रं लिहिली की शेवटी त्यांनी एक लिंक दिली. बघायची परवानगी, बोलायची नाही. माइक तिकडूनच बंद राहणार. अधिकृत दुभाषा आमच्या बाजूला मिळणार नव्हता, म्हणून कामाला कोण? मी! रात्रभर... नाही, खोटं कशाला, आठवडाभर मी 'हेडलाइट'पासून 'हलगर्जी'पर्यंत सगळे डच शब्द पाठ करत होते. ईराचं डेकेअर कधी फोन करून 'घेऊन जा' म्हणेल याचा नेम नव्हता, म्हणून मोबाइल समोर उताणा ठेवलेला.

तिकडे सकाळ, आमच्याकडे दुपार. शूर्मान्स बाई लिम्बुर्गहून ट्रेनने आल्या. निळा सूट, कॉलरला ब्रोच, केस सेट केलेले. हातात भाषणाची पानं.

"मेव्राव, बोलता येणार नाहीये," मी त्यांना पुन्हा सांगितलं.

"माहितेय," त्या म्हणाल्या आणि पानं टेबलावर नीट सरळ करून ठेवली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मार्लीस आली. अंगात काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी. स्वतःच्या ऑफिसात, लॅपटॉपसमोर, जिथे तिला कुणी बघणारसुद्धा नव्हतं! ब्रामने तिला बघितलं, काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने आपल्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

सुनावणी सुरू झाली. पडद्यावर बारीक बारीक चौकटी. झेंडा, न्यायाधीश, दोन वकील. आणि मास्क लावलेला एक मुलगा. मी बाईंच्या कानाशी भाषांतर करत होते. वेग, वळण, अंधार पडत आलेला, सार्जंटची ऑर्डर. 'केक' शब्द आला तेव्हा पडद्यावरचं कुणीच हसलं नाही. तिकडे त्यात हसण्यासारखं काही नसावं.

"त्याचं तोंडच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मी कुणाकडे बघून बोलायचं होतं?"

शेवटी न्यायाधीशांनी त्या मुलाला विचारलं, तुला स्वतःला काही सांगायचंय का? तो उभा राहिला. त्यांनी खूण केली तसा त्याने मास्क काढला. केवढासा होता! हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसत होतं.

इकडे बाईही उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्या उठल्या म्हणून मार्लीस उठली, मग ब्राम, मग मी.

"सर, मी त्यांच्याजवळ बसलो होतो," मुलगा म्हणाला. "मदत येईपर्यंत. ते माझ्याशी बोलले. इंग्लिशमध्ये, शब्द शोधून शोधून."

मी भाषांतर केलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"काय बोलले?" न्यायाधीशांनी विचारलं.

मुलाने मान खाली घातली. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला, पण तो बोललाच.

"म्हणाले, मुला, तुझ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत. बॅटरी उतरेल."

मी हे डचमध्ये सांगितलं. एकदाच. चुकले असेन अशी भीती वाटायची माझी नेहमीची सवय, ती त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

बाईंच्या हातात पानं होती, त्यांनी ती उघडली नाहीत. त्या लॅपटॉपवर वाकल्या. कोपऱ्यात बंद माइकची लाल खूण होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या मुलाकडे. आणि शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात विचारलं,

"मग? दिवे केलेस का बंद?"